विश्लेषण : बिअरची जुनी पाटी अस्सल की नक्कल? किंमत ठरते कशी?

अमेरिकेत बिअर कंपन्यांच्या जुन्या जाहिरात पाट्या, ट्रे, पेले जमवणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. या छंदाला 'ब्रुअरियाना' म्हणतात. मागणी आली की नकला येतातच. ऑनलाइन खरेदीत तर पाटी हातात घेऊन पाहताही येत नाही.

वय कसे ओळखतात?

इथे कायद्याचा इतिहास कामी येतो. १७ जानेवारी १९२० रोजी अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी लागू झाली. अर्ध्या टक्क्याहून कमी अल्कोहोलचे 'निअर बिअर' तेवढे विकता येई. पाटीवर असे पेय असेल, तर ती बहुधा त्याच सुमाराची. ७ एप्रिल १९३३ पासून सौम्य बिअर परतली आणि ५ डिसेंबरला बंदी पूर्ण उठली. पण अनेक ब्रुअरी पुन्हा सुरूच झाल्या नाहीत. बंदीत कायमच्या बुडालेल्या अशा छोट्या, गावपातळीवरच्या ब्रुअरींच्या पाट्या म्हणूनच दुर्मीळ. पत्त्यात पाच आकडी झिप कोड दिसला, तर विक्रेता काहीही सांगो, पाटी १९६३ नंतरची आहे.

नक्कल कशी पकडतात?

एनॅमलच्या पाटीत लोखंडी पत्र्यावर काचेची पूड भट्टीत वितळवून बसवलेली असते. टवका उडाला की आतला काळपट थर, गंज दिसतो. लोहचुंबक चिकटला नाही, तर पत्रा ॲल्युमिनियमचा. चिकटला म्हणून मात्र पाटी अस्सल ठरत नाही. नकलाही लोखंडी पत्र्यावर होतात. छापील पाटी भिंगाखाली धरावी. शिळाछापाचे ठिपके अनियमित असतात, तर आधुनिक छपाईचे एकसारख्या रांगांत. गंजही बघावा. तो खिळ्यांच्या भोकांभोवती हवा, सगळीकडे सारखा पसरलेला असेल तर संशय घ्यावा.

प्रसिद्ध म्हणजे महाग?

नाही. अनहॉयझर-बुश कंपनीने १८९६ पासून 'कस्टर्स लास्ट फाइट' हे युद्धचित्र जाहिरात म्हणून दारूच्या गुत्त्यांत वाटले. पुढे त्याच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या की घरात सापडलेली प्रत बहुधा नंतरचीच निघते. याउलट फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या ब्रुअरीची पाटी त्या गावचे संग्राहक चढ्या भावाने घेतात.

भाव पाहताना विक्रेत्याने मागितलेली रक्कम धरू नये. लिलावात प्रत्यक्ष मिळालेली पाहावी. आणि विकायच्या आधी पाटी घासू नये, रंगवू तर मुळीच नये. डागडुजी केलेल्या पाटीपेक्षा टवके उडालेली मूळ पाटी अनेकदा जास्त पैसे देऊन जाते.