कमलरींनी स्वतःच मोडलेली प्रथा

पश्चिम नेपाळच्या तराई पट्ट्यात थारू समाजाचे नवे वर्ष माघाच्या पहिल्या दिवशी, आपल्या संक्रांतीच्या सुमारास सुरू होते. या सणाला ‘माघी’ म्हणतात. जमीन कोण कसणार, कोण कुठे कामाला जाणार, हे वर्षभराचे व्यवहार माघीलाच ठरतात. दांग, बाँके, बर्दिया, कैलाली आणि कंचनपूर या जिल्ह्यांत याच दिवशी आणखी एक सौदा होत असे. सहा-आठ वर्षांची मुलगी वर्षाच्या बोलीवर परक्या घरी धाडली जायची. धुणीभांडी, केरवारे, मालकाची पोरे सांभाळणे हे काम तिचे. मोबदल्याची किरकोळ रक्कम मात्र बापाच्या हाती. या मुलींना ‘कमलरी’ म्हणत.

17 जुलै 2000 रोजी नेपाळ सरकारने ‘कमैया’ ही शेतमजुरांची वेठबिगारी रद्द केली. कर्जे माफ झाली, पण हजारो कुटुंबे जमिनीशिवाय उघड्यावर आली. बटाईने शेत हवे असेल तर मुलगी कामाला पाठवा, अशी अट जमीनदार घालू लागले. बाप कायद्याने सुटला आणि लेक अडकलेलीच राहिली. 2006 मध्ये नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने कमलरी प्रथा बेकायदा ठरवली, तरीही माघीचे सौदे थांबले नाहीत. चार भिंतींआड काय चालते ते पाहायला कामगार निरीक्षक जात नाही आणि तिथली मुलगी तक्रार करायला बाहेर पडू शकत नाही.

ही कोंडी फुटली ती दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे घरचा हिशेब बदलला. ‘नेपाळ युथ फाउंडेशन’ या संस्थेने 2000 पासून दांगमध्ये पालकांपुढे साधा प्रस्ताव ठेवला: मुलीला परत आणा, आम्ही डुकराचे पिल्लू किंवा शेळी देतो, तिच्या शाळेचा खर्चही उचलतो. जनावर वाढवून विकले की मुलीच्या वर्षभराच्या कमाईइतके पैसे हाती येत. उपदेशाने जे साधले नसते ते या पिल्लाने साधले. या मार्गाने 12 हजारांहून अधिक मुली मुक्त झाल्या. वयाने मोठ्या झालेल्या मुलींना पहिलीच्या वर्गात लहानग्यांसोबत बसवणे अवघड होते. त्यांच्यासाठी वेगळे वर्ग, व्यवसाय प्रशिक्षण आणि पुढे सहकारी संस्थाही उभ्या राहिल्या.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची. शिकलेल्या मुली गप्प बसल्या नाहीत.

सहाव्या वर्षी कामाला धाडलेली ऊर्मिला चौधरी 2007 मध्ये सुटली आणि मुक्त कमलरींच्या संघटनेची अध्यक्ष झाली. आठव्या वर्षापासून 18 वर्षे राबलेल्या शांता चौधरी 2008 मध्ये संविधान सभेवर निवडून गेल्या आणि संसदीय समितीच्या सभापतीही झाल्या. गावोगावी मुलींनी मोर्चे काढले, पथनाट्ये केली. आईबापांना स्वतःची कहाणी ऐकवणारी मुलगी ही कुठल्याही सरकारी फलकापेक्षा प्रभावी होती. 2013 मध्ये काठमांडूलगतच्या ललितपूरमध्ये 12 वर्षांच्या एका कमलरीचा भाजून मृत्यू झाला, तेव्हा याच मुली रस्त्यावर उतरल्या. अखेर 27 जून 2013 रोजी सरकारला कमलरी प्रथा रद्द झाल्याचे जाहीर करावे लागले.

हा अनुभव भारतासाठी परका नाही. 10 ऑक्टोबर 2006 पासून आपल्याकडे 14 वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यास बंदी आहे. बालकामगार कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीने 14 ते 18 वयोगटाला फक्त धोकादायक कामांतून वगळले. खाणी, स्फोटके, घातक प्रक्रिया त्यात आल्या, घरकाम आले नाही. शिक्षण हक्क कायदाही 14 व्या वर्षी थांबतो. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलीला शाळेचा हक्क नाही आणि परक्या घरी राबण्यावर सरसकट मनाईही नाही. परक्याच्या घरी चोवीस तास राहणाऱ्या मुलीला दार बंद झाल्यावर कोणी वाली नसतो, हा धोका कायद्याला दिसत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. निवासी घरकाम किशोरवयीनांसाठी धोकादायक कामांच्या यादीत घाला आणि मोफत शिक्षणाचा हक्क 18 वर्षांपर्यंत वाढवा. सुटका झालेल्या मुलीला नुसते गावी सोडून भागत नाही. तिच्या नावाने वसतिगृहात जागा आणि घरच्यांना कमाईचा पर्याय त्याच वेळी मिळायला हवा. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत मदतनीसांची नोंद आणि ओळखपत्र फाटकावरच तपासले जाते. तिथे वयही तपासता येईल. शेजारच्या घरी शाळेच्या वेळात लहान मुलगी भांडी घासताना दिसली, तर 1098 वर फोन करता येतो. मुलांसाठीची ही मदतवाहिनी 1996 मध्ये मुंबईतच सुरू झाली होती.