सायकल घ्या, पण पायाच्या मापाची

शाळा सुरू होण्याच्या सुमारास सायकलच्या दुकानांत गर्दी होते. मुलाला जाड टायरची, गिअरची सायकल हवी असते. वडील म्हणतात, ‘‘पोरगं वाढत्या अंगाचं आहे, एक नंबर मोठीच घेऊ.’’ गणवेश दोन बोटे सैल शिवला तर बिघडत नाही. सायकलीचे मात्र तसे नसते.

आपल्या कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर परिसरात तर याचा विचार करायलाच हवा. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर कंटेनर आणि कंपन्यांच्या बस यांची रांग तुटत नाही. अशा रस्त्याच्या कडेला अचानक थांबावे लागले आणि पाय जमिनीला टेकला नाही, तर मूल कलंडते. कोणत्या बाजूला कलंडेल, हे त्याच्या हाती नसते. शिवाय दांडीवर आदळून जांघेला इजा होते आणि हँडलचे टोक पोटात घुसून आतल्या अवयवांनाही मार बसू शकतो.

सायकल फार लहान असली तरी त्रास असतोच. सीट खाली राहिली की गुडघा जास्त वाकतो आणि वाटीभोवती दुखू लागते. सीट फार उंच असली तर कंबर डावी-उजवीकडे हेलकावते, गुडघ्याच्या मागे ओढ बसते. फ्रेम लांब पडली तर मान आखडते, तळहातांना मुंग्या येतात. कामगार मंडळी या दुखण्यांवर गोळ्या घेत राहतात. आधी सायकलीचे माप तपासून पाहावे, असे माझे सांगणे आहे.

दुकानात ‘24 ची’, ‘26 ची’ म्हणतात तो आकडा चाकाचा. फ्रेमचे माप निराळे. पॅडलच्या मधल्या आसापासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची लांबी म्हणजे साधारणपणे फ्रेमचे माप. 26 च्याच चाकाला 15 इंची फ्रेम असू शकते आणि 19 इंचीही. म्हणून नुसते ‘26 ची द्या’ म्हणून भागत नाही.

माप घरीच घ्यावे. अनवाणी, भिंतीला पाठ लावून, पायांत वीतभर अंतर ठेवून उभे राहावे. एक जाड वही दोन्ही पायांच्या मध्ये धरून जांघेपर्यंत वर सरकवावी. जमिनीपासून वहीच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. ते 75 सें.मी. भरले, तर दांडीची जमिनीपासूनची उंची 70 सें.मी.पेक्षा जास्त नसावी. दोन्ही पाय सपाट टेकवून उभे राहिल्यावर दांडी आणि जांघ यांत किमान दोन इंच मोकळे हवेत. शेतातल्या चाकोरीतून किंवा खडकाळ वाटेने जायचे असेल तर तीन इंच बरे.

मुलींच्या सायकलीला दांडी खाली असते, तिथे ही कसोटी अपुरी पडते. तिथे सीटवर बसून हँडल धरून पाहावे. कोपर किंचित वाकलेले राहिले पाहिजेत. सीटची उंची ठरवताना टाच सर्वांत खाली आलेल्या पॅडलवर ठेवावी. पाय सरळ झाला की उंची बरोबर. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघा थोडासाच वाकतो. नवशिक्या मुलाची सीट मात्र दोन्ही चवडे जमिनीला टेकतील इतकी खाली ठेवावी. सीटच्या दांड्यावर खुणेची रेघ असते. ती बाहेर दिसेल इतकी सीट वर ओढू नये.

शाळांमधून मुलींना सायकली वाटल्या जातात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण पाचवीतल्या आणि दहावीतल्या मुलीला एकाच मापाची सायकल देणे मला पटत नाही. मागणी नोंदवताना यादीत इयत्तेसोबत पायाचे मापही लिहावे. व्यायामशिक्षकांना एका तासात वर्गाचे माप घेता येईल.

आईबापांनीही मुलाला सोबत नेल्याशिवाय सायकल खरेदी करू नये. चप्पल आपण पायात घालून पाहतो, मग हजारो रुपयांची सायकल न बसता का घ्यावी?