झेडपीचा मार्च, बायांचा कोयता

जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका एकदा मागवून वाचा. पहिला विषय ठरलेला असतो : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. शेवटचाही ठरलेला : अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. मधे रस्ते, पूल, शाळाखोल्या, टँकर, शिक्षकांच्या रिकाम्या जागा. बायांचा प्रश्न आलाच तर बहुधा त्या शेवटच्या ओळीत, आणि तोवर जेवणाची वेळ झालेली असते.

आपण बहुतेक जणी हा कागद मागतच नाही. आपला मोर्चा जातो कलेक्टर कचेरीवर, नाहीतर तहसीलवर. झेडपी म्हणजे पुढाऱ्यांचा आखाडा, असे म्हणून आपण तिकडे पाठ फिरवली. पण गावातली अंगणवाडी, प्राथमिक शाळा, उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र हे सगळे चालवते कोण? झेडपीच. मंत्रालयापेक्षा बाईच्या रोजच्या जगण्याशी तिचाच संबंध जास्त आहे.

बीड जिल्ह्यात तर हे विसरून चालणारच नाही. जून २०१९ मध्ये विधान परिषदेत सरकारने सांगितले, की जिल्ह्यातल्या ९९ खाजगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ बायांची गर्भाशये काढली गेली. त्याच वर्षी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची ‘पिशवी’ काढलेली होती. वर्तमानपत्रे आली, वाहिन्या आल्या, आयोग आले. डॉक्टरांना धारेवर धरले गेले, मुकादमांना शिव्या बसल्या. दोन्ही योग्यच. पण अंगावरून पांढरे जाते म्हणून बाई थेट खाजगी दवाखान्यात का गेली, गावच्या उपकेंद्रात तिला काय मिळाले, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. तो झेडपीच्या आरोग्य समितीचा प्रश्न होता.

मला या साऱ्यात सर्वांत खटकते ते कॅलेंडर. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, त्यामुळे खाडा झाला की पैसे कापले जाणार. पाळी असो, ताप असो, पहाटे फडावर हजर. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत पाचटाच्या खोपीत संसार. परत यायला पाडवा उजाडतो, कधी त्याच्याही पुढे जाते.

आता झेडपीचे वर्ष पाहा. अंदाजपत्रक मार्चमध्ये. वर्षभर पडून राहिलेला निधी संपवायची घाई मार्चअखेर. छाननी, मंजुरी, वाटप, उद्‌घाटनाचे फोटो, सगळे त्याच धावपळीत. २६ जानेवारीची ग्रामसभाही याच दिवसांतली. म्हणजे ज्या बाईच्या नावाने योजना, ती बाई फडावर आणि तिच्या घराला कुलूप. गावात उरलेल्या म्हाताऱ्या सासवांनी ग्रामसभेत अंगठा द्यायचा. ‘लाभार्थी गैरहजर’ असा शेरा मारायला कोणाचाच हात अडखळत नाही. हे कोणी कट करून घडवलेले नाही. कोणाच्या डोक्यातच आले नाही, एवढेच. मला त्याचाच जास्त राग येतो.

महिला व बालकल्याण समितीचेही तसेच. झेडपीच्या स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के हिस्सा महिला-बालकल्याणासाठी ठेवायचा असतो. राज्यात कुठल्याही जिल्ह्यात जा, त्यातून शिलाई मशीन, पिठाची गिरणी, मुलींना सायकल. मी मशीनच्या विरोधात नाही. मशीनवर पोरे शिकवलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. पण वर्षातले पाच-सहा महिने जिचे घर खोपीत, तिने मशीन ठेवायचे कुठे? सदस्य बायांना ही समिती माहेरच्या ओवरीसारखी दिली जाते : इथे बसा, बांधकाम आणि अर्थ समितीत पुरुष आहेतच. आणि आपणही निवेदन घेऊन त्याच ओवरीत जातो. गर्भाशयाचा प्रश्न आरोग्य समितीत मांडायचा, हंगामी वसतिगृहाचा शिक्षण समितीत. पोरांची गावातच राहण्याची सोय वेळेवर झाली नाही, तर दहा-बारा वर्षांची पोरगी धाकट्याला सांभाळायला फडावर जाते आणि तिची शाळा तिथेच सुटते.

बाया निवडून येऊन काय झाले, असे आता आपल्यातल्याच काही विचारतात. महाराष्ट्रात १९९० मध्ये ३० टक्के जागा आल्या, ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून एक तृतीयांश, २०११ मध्ये निम्म्या. बीडमध्ये २०१७ च्या निवडणुकीनंतर आधी सविता गोल्हार, मग २०२० मध्ये शिवकन्या सिरसाट अध्यक्ष झाल्या. मागे नवरा किंवा नेता असतो, ही टीका जुनी आहे आणि पुष्कळदा खरीही. पण पुरुष अध्यक्षाच्या मागे नेता नसतो का? त्याला कोणी ‘सहीपुरुष’ म्हणत नाही.

मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि प्रशासक आले. आरक्षणाचा वाद न्यायालयात, निवडणुका लांबलेल्या, अशी तीन वर्षांहून जास्त गेली. या काळात विषयपत्रिका उरली, पण सभा नाही. ठराव मांडणारा, मंजूर करणारा आणि अंमलात आणणारा अधिकारी एकच. निम्म्या जागा कागदावर शाबूत होत्या, बसायला खुर्च्या मात्र नव्हत्या. याविरुद्ध स्त्री संघटनांनी जेवढी ओरड करायला हवी होती तेवढी केली नाही. त्यात माझी संघटनाही आली.

म्हणून माझे म्हणणे असे. जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातल्या दोघी-तिघींनी माहितीच्या अधिकारात आरोग्य आणि शिक्षण समितीची गेल्या दोन वर्षांची इतिवृत्ते मागवावीत. प्रशासकांच्या काळातले ठरावही मागवावेत. बाया गावात असतात तो काळ म्हणजे वैशाखापासून दसऱ्यापर्यंतचा. लाभार्थी निवड, उपकेंद्रातली तपासणी, वसतिगृहांची मंजुरी त्याच काळात व्हावी, असा ठराव गावोगावच्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडावा. तेव्हा त्या बाया स्वतः हजर असतील. ग्रामसेवक म्हणेल, हा विषय आपल्या अखत्यारीत येत नाही. म्हणू द्या. ठराव नोंदवहीत लिहून घ्या, नक्कल मागा आणि पंचायत समितीत आवक क्रमांक टाकून द्या.