सहा आठवड्यांच्या विश्रांतीचा प्रश्न

आम्लपित्त हा सुखवस्तूंचा विकार, अशी एक सोयीस्कर समजूत रूढ आहे. ती बाळगणाऱ्यांनी खोपोलीच्या कारखान्यातून रात्रपाळी करून परतणाऱ्या कामगाराशी, किंवा वीटभट्टीवर दिवसभर वाकून राबणाऱ्या कातकरी स्त्रीशी दोन शब्द बोलावेत. अवेळचे जेवण, त्यावर लगेच वाकणे, ओझे उचलणे, तंबाखू यांमुळे जठरातील आम्ल अन्ननलिकेत चढते.

प्रत्येक जळजळीला शस्त्रक्रिया लागत नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. बहुसंख्य रुग्णांना ओमेप्राझोलसारखे स्वस्त औषध पुरते. परंतु अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडून औषधानंतरही अन्न घशाशी येत राहिले, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. १९५५ साली रुडॉल्फ निसेन यांनी जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती पूर्ण गुंडाळून झडपेला बळकटी दिली. १९९१ पासून हीच क्रिया दुर्बिणीतून होऊ लागली. अन्ननलिकेची हालचाल दुर्बळ असेल तर पूर्ण वेढ्याने घास अडकतो. म्हणून तेथे अर्धवट वेढा घालतात. जठर छातीत सरकले असेल, तर ते खाली ओढून श्वासपटलातील छिद्र शिवावे लागते. अतिस्थूल रुग्णासाठी उपाय बहुधा निराळाच असतो.

कोणता रुग्ण कोणत्या प्रकारचा, हे दुर्बिणीतून तपासणी, आम्लाचे चोवीस तासांचे मापन आणि अन्ननलिकेतील दाबाचे मापन यांवाचून नीट ठरत नाही. यांतील शेवटच्या दोन तपासण्या बव्हंशी महानगरांतच होतात. मुंबईची लोकल कर्जत-खोपोलीपर्यंत येते, द्रुतगती मार्ग खालापुरातून जातो; पण मजुरी बुडवून चार खेपा घालणे रोजंदारीवाल्याला परवडत नाही. तो गोळ्या चघळत राहतो. उलट ज्याच्यापाशी विमा आहे, त्याच्या गळी अनावश्यक शस्त्रक्रिया उतरविली जाण्याचे भय! आरोग्य बाजाराच्या हवाली केले की गरज मागे पडते आणि ऐपत पुढे येते.

समजा, सरकारी योजनेतून शस्त्रक्रिया फुकट झाली. पुढे काय? चार ते सहा आठवडे जड उचलायचे नाही, आरंभी पातळ व मऊच खायचे. राज्य कामगार विमा योजनेतील कामगाराला आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत सुमारे ७० टक्के वेतन मिळते. मुकादमाची उचल घेतलेल्या भट्टीमजुराला काय मिळते? उचल फिटेपर्यंत भट्टी सुटत नाही. पंधराव्या दिवशी तो विटांच्या ओझ्याखाली वाकला आणि केलेले काम निसटले, तर दोष त्याच्या ‘निष्काळजीपणा’चा!

क्षय आणि कुपोषण असताना ही चैन कशाला, असे काही विचारतील. दीर्घकाळच्या आम्लदाहाने अन्ननलिका आकसते, काहींत कर्करोगही उद्भवतो. शिवाय गरिबाने एकाच रोगाचा हक्क मागावा, हा न्याय कोणता? पैशाअभावी कोणी उपचारांना मुकू नये, असे भोर समितीने १९४६ सालीच बजावले होते.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात दुर्बिणीच्या तपासणीचा वार कायमचा ठरलेला हवा; पुढील तपासण्यांसाठी प्रवासखर्च व बुडालेली मजुरी मिळावी; आणि असंघटित मजुराला शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांचे वेतन मिळावे. कार्यकर्त्यांनी भट्ट्यांवर व वाड्यांवर जाऊन हा प्रश्न हाती घ्यावा. विश्रांतीची हमी नसेल, तर फुकट शस्त्रक्रियाही गरिबाच्या पदरी अर्धाच उपचार टाकते.