नगराची नाडी कोणीं पहावी ?

शहरसुधारणा म्हटली कीं फीत व नकाशा घेतलेला इंजिनियर डोळ्यांपुढें उभा राहतो. पुष्कळदां तो एकटाच उभा राहतो, हेंच दुखणें आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला व १८९८ सालीं तेथें इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्या पाडाव्या, रुंद रस्त्यांनीं वारा आंत घ्यावा, हा त्याचा उपाय. कारण दूषित हवा हेंच रोगाचें मूळ, अशी तेव्हां अनेकांची समजूत. त्याच वर्षीं सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें उंदरांवरील पिसवांकडे बोट दाखविलें होतें. पण तें म्हणणें मान्य होण्यास बरींच वर्षें लागलीं. दरम्यान ज्यांचीं बिऱ्हाडें मोडलीं तीं माणसें शेजारच्या, आधींच खच्चून भरलेल्या चाळींत जाऊन राहिलीं. हा प्रश्न रस्त्याच्या नकाशांत कोठें बसणार ?

याच्या अगदीं उलट रीत पॅट्रिक गेडिस यांची. हे स्कॉटिश गृहस्थ मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. १९१४ सालीं ते हिंदुस्थानांत आले. आधीं निदान, मग चिकित्सा, असा त्यांचा आग्रह असे. गल्लोगल्ली पायीं हिंडावें, विहीर, पार, देऊळ, अंगण पहावें, आणि बिघडलेला भाग तेवढाच काढावा. होळकरांच्या इंदुरांत प्लेगाशीं झुंजतांना त्यांनीं दिवाळीच्या मिरवणुकीसच हाताशीं धरलें : जी आळी अधिक स्वच्छ तिच्यावरून मिरवणूक जावयाची, आणि तींत प्लेगाच्या उंदराची भली थोरली प्रतिमा ! घरोघर झाडलोट सुरू झाली. हुकुमानें जें होत नाहीं तें सणानें झालें. ही युक्ति इंजिनियरिंगच्या पुस्तकांत सांपडावयाची नाहीं. १९१८ च्या त्यांच्या दोन खंडी अहवालांत मोऱ्यांपासून विद्यापीठापर्यंत सर्व विषय आहेत.

पुढें १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत ते समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे अध्यापक झाले, आणि १९२४ मध्यें ती धुरा मूळच्या संस्कृतज्ञ घुर्ये यांच्याकडे आली. असा संगम आम्हांस फार मोलाचा वाटतो.

आज शहरांच्या अभ्यासासाठीं भूगोलज्ञ, डॉक्टर, अर्थशास्त्रज्ञ एकत्र येतात खरे. परंतु पुष्कळदां प्रत्येकजण आपलें प्रकरण निराळें लिहितो, आणि एकत्र करतो तो पुस्तक बांधणारा. नळाचें पाणी किती वाजतां येतें व त्यापायीं कोणाची झोंप मोडते, हें जिला ठाऊक त्या गृहिणीला तर या मंडळींत क्वचितच बोलावणें असतें.