म्हातारी वेल, स्वस्त बाटली

मित्रांनो, कॉन्व्हेंटवाल्याचं मराठी आहे, सांभाळून घ्या. झिनफँडेल हे वाइनचं काळं द्राक्ष. नाशिकला सुला त्याची वाइन करते. मी वीस वर्षांचा, त्यामुळे माझं ज्ञान पुस्तकीच. रेक्टर सरांनी घाबरू नये! कॅलिफोर्नियातल्या लोडाय भागात याच्या शंभरी ओलांडलेल्या वेली आहेत. म्हातारी वेल द्राक्षं कमी देते, पण रस दाट. तरी बाटली स्वस्त, म्हणून पिणारे खूश. मला मात्र आमच्या घोडेगावचा म्हशींचा बाजार आठवतो. दूध आटलं की म्हशीला कोण विचारतो? द्राक्षालाही पैसे वजनावर, म्हणून तिथले शेतकरी जुन्या वेली उपटतायत. माझं स्पष्ट मत : बाटलीमागे चार पैसे जास्त मोजा, पण वेल राहू द्या. सुलाची पहिली वाइन २००० साली आली; आपल्या वेली अजून तरण्याच आहेत.