आठ हक्क, एक खेळाडू

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये महाविद्यालयीन खेळाडूंची दरवर्षी निवड होते. आदल्या मोसमात जो संघ सर्वांत मागे, त्याची पाळी सर्वांत आधी. हा हक्क दुसऱ्या संघाला देता येतो. पुढील वर्षाचाही आज खर्ची घालता येतो. मेख तिथेच आहे.

१९९९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सेंट्स संघाचा क्रमांक बारावा होता. प्रशिक्षक माईक डिटका यांचे मन रिकी विल्यम्सवर जडले. पाचवा क्रमांक मिळविण्यासाठी त्यांनी त्या वर्षीचे सहाही हक्क वॉशिंग्टनला दिले. वर २००० मधील पहिल्या व तिसऱ्या फेरीचेही. बाद फेरीतील एकही विजय न पाहिलेला, कधीकाळी लाजेने डोक्यावर कागदी पिशवी घालून मैदानात बसलेला तेथील चाहता हरखून गेला.

विल्यम्स गुणी होताच. पण चेंडू घेऊन धावणाऱ्याला वाट करून देणारी माणसे कोठून आणणार? गादीवर एकच मौल्यवान नग, मागची कपाटे रिकामी! सेंट्स सोळांपैकी तेरा सामने हरले, डिटका यांचे पद गेले. त्या दुर्दशेमुळे २००० मध्ये सेंट्सला लाभणारा दुसरा क्रमांकही वॉशिंग्टनच्या पदरी पडला. त्यातून त्यांनी लाव्हार ॲरिंग्टन घेतला.

चाहत्यांनी विल्यम्सला बोल लावणे मात्र अन्यायाचे. २००० मध्ये त्याने दहाच सामन्यांत हजार यार्ड धाव घेतली. चूक मालात नव्हती, भावात होती. २००२ मध्ये त्याला मायामीकडे धाडताना सेंट्सने मोबदल्यात मागितले, ते निवडीचे हक्कच.